पेशवाई थाटाच्या लग्नाला फुले कोणती?

नऊवारी, पगडी, नथ, सनई-चौघडा आणि केळीच्या पानावरची पंगत असा पेशवाई थाटाचा विवाहसोहळा आता शहरांत नवलाचा राहिलेला नाही. पोशाख व दागिन्यांबाबतचा चोखंदळपणा फुलांच्या निवडीत मात्र अनेकदा हरवतो. मग पैठणीतल्या वधूच्या मागे जरबेरा आणि ऑर्किडची भिंत उभी राहते व साऱ्या खटाटोपावर पाणी पडते.

काळाची कसोटी

पेशव्यांचा काळ १७१३ ते १८१८ असा. जरबेरा मूळचा दक्षिण आफ्रिकेतला; त्याच्या बागायती लागवडीला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गती मिळाली. बोगनवेलीची युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी नोंद घेतली तीच मुळी १७६०च्या दशकात, ब्राझीलमध्ये. त्यामुळे ही दोन्ही पेशवाई मांडवात विसंगत ठरतात. तथापि, परदेशी मूळ असलेले प्रत्येक फूल वर्ज्य नाही. झेंडू मेक्सिकोकडचा, पण पोर्तुगीजांच्या आगमनानंतर तो येथे रुजला. तोरणासाठी तो अवश्य घ्यावा. मात्र टपोऱ्या संकरित जातींपेक्षा लहान गावठी झेंडू अधिक शोभतो. मोगरा, जाई, जुई, सोनचाफा, बकुळ, केवडा ही तर भारतीय परंपरेतील जुनीच फुले. अबुल फजलच्या 'ऐन-इ-अकबरी'तील सुगंधी फुलांच्या यादीतही चंपा, केतकी व जुही आढळतात.

मुहूर्त आणि ऋतू

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, तेव्हा थंडी असते. या दिवसांत शेवंती, गावठी गुलाब, झेंडू व कुंद यांवर भर द्यावा. डिसेंबरात मोगऱ्याचा हट्ट धरल्यास तो दूरवरून मागवावा लागतो. भाव चढा आणि कळ्याही मोजक्याच. माघ-फाल्गुनात कोकणात सुरंगी फुलते. तिचे वळेसार अंबाड्यावर खुलून दिसतात. चैत्र-वैशाख हा मोगरा, सोनचाफा व बकुळीचा काळ. चैत्रात वेणीत दवणाही गुंफता येतो. अबोली जवळजवळ वर्षभर मिळते. तिला गंध नसला तरी रंग टिकतो, म्हणून मोगऱ्याबरोबर तिची जोडी जमते.

काही व्यावहारिक बाबी

मोगऱ्याच्या कळ्या पहाटे खुडल्या जातात व सायंकाळी उमलतात. त्यामुळे गोरज मुहूर्तासाठी तो उत्तम. सकाळच्या लग्नात गजरा मिटलेलाच दिसेल, हे वधूला आधी सांगावे. सोनचाफा लवकर काळवंडतो. तो मंडपात न माळता वेणीत किंवा पाहुण्यांच्या स्वागताला वापरावा. मंडपाचा भार केळीचे खुंट, आंब्याच्या डहाळ्या व झेंडूवर सोपवल्यास खर्चही आटोक्यात राहतो.

पुण्याच्या मार्केट यार्डात किंवा दादरच्या फुलबाजारात महिनाभर आधी चौकशी करून प्रत्येक फुलाला एक पर्याय ठरवून ठेवावा. अवकाळी पाऊस झाल्यास तोच कामी येतो. आणि बकुळीचा एखादा सर घरी जपावा. ही फुले सुकल्यावरही दरवळत राहतात. लग्नाची त्याहून सोपी आठवण नाही.