शिंकेपासून फवाऱ्यापर्यंत

घराबाहेर पडताना कोणी शिंकले की जुन्या पिढीतील माणसे उंबरठ्यावर क्षणभर थांबत. शिंक म्हणजे अपशकुन, एवढाच तिचा अर्थ. परंतु ज्या माणसाला पहाटे उठल्याबरोबर एकापाठोपाठ वीस-पंचवीस शिंका येतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, टाळूला खाज सुटते आणि मग दिवसभर तोंडाने श्वास घ्यावा लागतो, त्याला शकुन-अपशकुन सुचत नाहीत. त्याच्या अक्षरशः नाकी नऊ आलेले असतात. दिल्लीकडे वसंतात वावळीचे पराग हवेत पसरतात, बंगळूर-पुण्याकडे गाजरगवत छळते, मुंबईच्या दमट घरांत धुळीतले सूक्ष्म किडे आणि बुरशी पुरेशी होते. प्रदेश बदलतो, तक्रार तीच राहते. या तक्रारीवर आज वैद्य बहुधा नाकात मारावयाचा स्टेरॉइडचा फवारा लिहून देतात. आणि ‘स्टेरॉइड’ हा शब्द कानी पडताच कित्येक रोगी तो कागद घडी करून खिशात ठेवून देतात. हे भय कोठून आले आणि त्यात तथ्य किती, याचे उत्तर त्या औषधाच्या इतिहासातच सापडते.

नाकाच्या वाटेने औषध देणे आपल्याकडे नवे नाही. प्रतिश्याय हा विकार आणि नस्य हा उपचार, या दोहोंची चर्चा चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्या ग्रंथांत विस्ताराने आली आहे. परंतु ठराविक ऋतूत येणारा आणि ऋतूबरोबर जाणारा शिंकांचा विकार हा एक स्वतंत्र रोग आहे, अशी मांडणी आधुनिक वैद्यकात प्रथम जॉन बॉस्टॉक या इंग्रज वैद्याने केली. 1819 साली लंडनच्या वैद्यकीय सभेपुढे त्याने एका रोग्याची हकीकत वाचली. तो रोगी म्हणजे तो स्वतःच होता. रक्तमोक्षण, अफू, थंड पाण्याचे स्नान असे त्या काळचे नाना उपाय त्याने स्वतःवर करून पाहिले. गुण कशाचाच आला नाही. 1828 साली आणखी 28 रोग्यांची माहिती जमवून त्याने या विकाराला ‘उन्हाळी पडसे’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. लोक मात्र याचा संबंध वाळलेल्या गवताशी जोडून त्याला ‘हे फीव्हर’ म्हणत. वैद्याला ही समजूत पटत नव्हती. पण पुढे लोकांचेच म्हणणे सत्याच्या अधिक जवळचे ठरले.

ते सिद्ध करणारा चार्ल्स ब्लॅकली हा मँचेस्टरचा वैद्यही याच व्याधीने गांजलेला होता. गवताचे पराग जपून ठेवून ऋतू उलटल्यावर ते त्याने स्वतःच्या नाकात घातले, कातडीवर ओरखडा काढून त्यावर चोळले, आणि ऐन अवेळी रोग प्रकट होतो हे दाखवून दिले. चिकट द्रव लावलेल्या काचा पतंगाला बांधून त्याने आकाशात सोडल्या आणि उंचावरील हवेतही पराग असतात हे पाहिले. 1873 साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे 1906 साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के याने ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द घडविला, आणि निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजून शरीर आपणच युद्ध पुकारते, या विचाराची वाट मोकळी झाली. 1911 साली लिओनार्ड नून याने परागांच्या अर्काची टोचणी देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि ती उपचारपद्धती सुधारलेल्या रूपात आजही चालू आहे.

कारण कळले, तरी नित्याच्या त्रासावर हुकमी औषध मिळण्यास बराच अवधी जावा लागला. ते औषध आले एका अगदी वेगळ्या रोगाच्या दारातून. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल या रसायनज्ञाने अधिवृक्क ग्रंथींतून काही द्रव्ये वेगळी केली होती. त्यांतील एक, म्हणजेच पुढे कॉर्टिसोन म्हणून प्रसिद्ध झालेले द्रव्य, फिलिप हेंच याने सप्टेंबर 1948 मध्ये सांधे आखडून जखडलेल्या एका तरुण स्त्रीला टोचले. काही दिवसांतच ती चालू लागली. सारे जग थक्क झाले. 1950 सालचे नोबेल पारितोषिक केंडॉल, हेंच आणि बाझेलचे टाडेउश राइखश्टाइन या तिघांना मिळाले.

परंतु याच यशाच्या पोटी आजचे भय जन्मले. महिनोन् महिने कॉर्टिसोन घेणाऱ्या रोग्यांचा चेहरा चंद्रासारखा वाटोळा होऊ लागला, हाडे ठिसूळ झाली, रक्तातील साखर आणि रक्तदाब वाढला. सर्वांत घातक गोष्ट अशी की, बाहेरून आयता पुरवठा होत असल्याने शरीरातील अधिवृक्क ग्रंथी आळसावल्या आणि औषध एकाएकी बंद केल्यास रोग्याच्या प्राणावर बेतू लागले. अलीकडे 2021 च्या कोविडच्या लाटेत, शिरेतून व पोटातून दिलेल्या स्टेरॉइडचा अतिरेक आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांच्या जोडीने काळ्या बुरशीचा रोग आपल्या देशात पसरला, तेव्हा हे भय घरोघरी पोचले. ते निराधार नव्हते. प्रश्न एवढाच की, ते जसेच्या तसे नाकातल्या फवाऱ्याला लागू पडते काय?

पहिले फवारे आले तेव्हा काही अंशी ते लागू पडत होते. 1960 च्या दशकात डेक्सामेथासोनचे फवारे वापरात आले. त्यांनी नाक मोकळे होई, पण औषध नाकातून रक्तात शिरे आणि अधिवृक्क ग्रंथींचे कार्य मंदावे. म्हणजे वाट बदलली, धोका मात्र उरलाच. हवे होते असे द्रव्य, जे जेथे पडेल तेथे जोराने काम करील आणि रक्तात जाताच निष्प्रभ होईल. याचा धागा त्वचारोगांच्या मलमांत सापडला. 1962 साली एक सोपी कसोटी प्रसिद्ध झाली होती: स्टेरॉइड लावलेली कातडी किती फिकी पडते यावरून त्याचे स्थानिक बळ मोजावयाचे. त्वचेवर प्रभावी ठरलेली द्रव्ये श्वासमार्गाच्या अस्तरावर का चालू नयेत, असा विचार ग्लॅक्सो समूहातील डेव्हिड जॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, आणि बेक्लोमेथासोन हे औषध प्रथम दम्यासाठी श्वासातून देण्यात आले. 1973 साली नील्स मिगिंड या डॅनिश वैद्याने हेच औषध परागज्वराच्या रोग्यांच्या नाकात फवारून त्याचा स्थानिक गुण दाखवून दिला. गिळला गेलेला अंश यकृतात बहुतांशी मोडून पडतो, हे या पिढीतील औषधांचे वैशिष्ट्य. 1990 च्या दशकात आलेल्या फ्लुटिकासोनच्या पाण्यातील फवाऱ्यात तर दिलेल्या मात्रेपैकी 2 टक्क्यांहूनही कमी औषध रक्तात पोचते. अमेरिकेत 2013 साली अशा एका फवाऱ्याला वैद्याच्या चिठ्ठीवाचून विक्रीची परवानगी मिळाली, ती याच विश्वासावर.

तरीही बाटली हाती आली म्हणजे विद्या हाती आली असे नव्हे. स्टेरॉइड पेशींच्या आत शिरून दाह उत्पन्न करणारी यंत्रणाच हळूहळू शांत करते. त्यामुळे पूर्ण गुण येण्यास काही दिवस, क्वचित दोन आठवडेही लागतात. दोन दिवस वापरून ‘गुण नाही’ म्हणून बाटली फेकणारा माणूस स्वतःचेच नुकसान करून घेतो. मग तो दुकानातून नाक तत्काळ मोकळे करणारे झायलोमेटाझोलीनसारखे थेंब आणतो. ते थेंब केवळ रक्तवाहिन्या आकसवतात. तीन ते पाच दिवसांपलीकडे ते चालू ठेवल्यास नाक त्यांच्यावाचून उघडेनासे होते, आणि माणूस महिनेच्या महिने त्या थेंबांचा दास होऊन बसतो. ज्याची धास्ती घ्यावी ते निर्धास्तपणे घेतले जाते आणि ज्याची तितकी धास्ती नको ते टाळले जाते, असा हा उफराटा न्याय आहे.

फवारा मारण्याची रीत साधी आहे. बाटली हलवावी, ती नवी असल्यास किंवा बरेच दिवस पडून असल्यास एक-दोनदा हवेत दाबून पाहावी. नाक हळुवार शिंकरून साफ करावे. मान मागे न टाकता किंचित पुढे झुकवावी, नाहीतर औषध घशात उतरते. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात आणि डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरावा, म्हणजे फवाऱ्याचे तोंड आपोआप बाहेरच्या बाजूस, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने वळते. दोन नाकपुड्यांमधील पडद्यावर तो रोज आदळला तर तेथे कोरडेपणा येऊन रक्त येऊ लागते. फवारल्यावर श्वास हळूच ओढावा. जोराने हुंगू नये. तोटी पुसून ठेवावी आणि एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये.

काहींनी अधिक सावध असावे. नाकावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, पडद्याला जखम असेल, क्षयरोग झालेला असेल, काचबिंदू किंवा मोतीबिंदू असेल, तर वैद्याला ते आधी सांगावे. रिटोनाविर किंवा इट्राकोनाझोलसारखी औषधे चालू असल्यास तेही सांगावे, कारण ती यकृतातील विघटनाला अडवतात आणि एरवी निष्प्रभ होणारे स्टेरॉइड रक्तात साचते. मुलांना दीर्घकाळ फवारा द्यावा लागल्यास त्यांची उंची वेळोवेळी मोजावी आणि ज्या अल्पतम मात्रेने काम भागते तीच ठेवावी. नाकातून वारंवार रक्त येऊ लागल्यास औषध थांबवून तपासून घ्यावे.

1956 साली पुण्यातील गाजरगवताची भारतातील पहिली नोंद मुंबईच्या नैसर्गिक इतिहास संस्थेच्या नियतकालिकात छापली गेली. त्यानंतर ते देशभर पसरले आणि आता कोणाच्या उपटण्याने संपणारे नाही. हवेतले पराग आपल्या हाती नाहीत; हातात आहे ती बाटली. तिच्यात कोणते द्रव्य आहे, ते किती दिवस घ्यावयाचे आणि कधी थांबवावयाचे, हे तीन प्रश्न वैद्याच्या खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी विचारून घ्यावेत. बॉस्टॉकला विचारण्यास कोणी नव्हते, आपल्याला आहे.