मोहरीच्या झाडावरची पाखरं

नाताळच्या आठवड्यात माझं एक जेवण ठरलेलं असतं. कॉलेजात माझ्या बाकावर बसणारा मित्र ख्रिस्ती. आधी त्याच्याबरोबर चर्चमध्ये जायचं, मग त्याच्या घरी जेवायचं, असा तीसेक वर्षांचा शिरस्ता. शेवटच्या रांगेतला भिंतीकडचा कोपरा माझाच असल्यासारखा झाला आहे. कोल्हापुरात याचं कुणाला फारसं नवल वाटत नाही.

एका वर्षी बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. आवाज खणखणीत, पाठांतर दांडगं. विषय होता मोहरीच्या दाण्याचा दाखला. सगळ्या बियांत लहान असा मोहरीचा दाणा माणूस शेतात पेरतो, त्याचं झाड होतं आणि आकाशातली पाखरं येऊन त्याच्या फांद्यांवर राहतात. स्वर्गाचं राज्य तसं आहे, असं येशू सांगतो. मला वाटलं, आता सावलीबद्दल काही ऐकायला मिळेल. पण उपदेशक म्हणाले, शास्त्रात पाखरू दिसलं की सैतान आला असं समजा! मंडळीचं झाड वाढलं आणि परकी पाखरं फांद्यांवर येऊन बसली, हा आनंदाचा नव्हे, धोक्याचा दाखला आहे. पाखरं ओळखा आणि उडवून लावा.

मी माझ्या कोपऱ्याकडे पाहिलं.

जेवताना मित्र गप्प होता. त्याच्या आईने मात्र माझ्या ताटात वाढता वाढता विचारलं, "बाळा, तू पाखरू हाईस व्हय? असलास तर बस की. फांदी काय मोडत न्हाई." निघताना मी मावशींकडून त्यांचं मराठी बायबल मागून घेतलं. चार-पाच रात्री ते आणि मी.

उपदेशकांवर अन्याय नको. त्यांचा आधार पोकळ नव्हता. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात मोहरीच्या थोडं आधी पेरणाऱ्याचा दाखला आहे. वाटेवर पडलेलं बी पाखरं टिपून नेतात आणि येशू स्वतःच अर्थ सांगतो, की पेरलेलं हिरावून नेणारा तो दुष्ट. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाने मांडलेल्या बलींवर हिंस्र पक्षी झडप घालतात. योसेफाच्या तुरुंगातल्या आचाऱ्याला स्वप्न पडतं, त्यात पाखरं त्याच्या डोक्यावरच्या टोपलीतलं खातात. तिसऱ्या दिवशी त्याला फाशी होते. प्रकटीकरणात पडलेली बाबेल अशुद्ध पाखरांचा आसरा होते. एवढं एका दमात ऐकलं की कुणीही मान डोलावेल.

हे वाचन काही कोल्हापुरात जन्मलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटन-अमेरिकेतल्या काही मंडळींत ते रुजलं. पुढे १९०९ साली स्कोफील्ड यांच्या टीपांसह छापलेल्या बायबलमुळे मोहरीचं झाड म्हणजे मंडळीची फसवी वाढ हा विचार खूप दूरवर गेला. एका खुणेचा सगळीकडे एकच अर्थ, हा त्यामागचा नियम.

पण तो नियम त्याच तेराव्या अध्यायात मोडतो. पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी म्हणजे वचन. पुढे निदणाच्या दाखल्यात चांगलं बी म्हणजे राज्याची लेकरं. हा अर्थही येशूच सांगतो. एका अध्यायात बी जर कूस बदलतं, तर पाखरांनीच काय घोडं मारलं? सिंहाचंही तसंच. पेत्राच्या पत्रात सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतो, तर प्रकटीकरणात ख्रिस्तालाच यहूदाच्या वंशाचा सिंह म्हटलं आहे.

मोहरीच्या दाखल्याचा अर्थ येशूने सांगितलेलाच नाही. तो ऐकणाऱ्यांना ठाऊक असावा. यहेज्केल संदेष्ट्याच्या सतराव्या अध्यायात देव गंधसरूची कोवळी डहाळी उंच डोंगरावर लावतो, तिचा मोठा वृक्ष होतो आणि तऱ्हेतऱ्हेची पाखरं त्याच्या सावलीत राहतात. तिथे ते वचन आहे, धमकी नाही. दानीएलाच्या पुस्तकातल्या राजाच्या स्वप्नातही असंच झाड आणि अशीच पाखरं आहेत. ते झाड म्हणजे पृथ्वीभर पसरलेली सत्ता. फरक एवढाच, की येशू गंधसरूच्या जागी मोहरी आणतो. आपल्याकडे शेताच्या कडेला मोहरी किती वाढते ते सर्वांना माहीत आहे. तिकडची काळी मोहरी पुरुषभर उंच होते म्हणतात, तरी गंधसरूपुढे ती काय? मला या दाखल्यात एक मिश्कील हसू ऐकू येतं. उपदेशकांना ते ऐकू आलं नसावं.

आणि इतर पाखरं? आकाशातली पाखरं पेरीत नाहीत, कापीत नाहीत, तरी स्वर्गातला बाप त्यांना खाऊ घालतो, हे त्याच मत्तयात आहे. ग्रीक जाणणारे सांगतात, की तिथे आणि मोहरीच्या दाखल्यात शब्द तेच आहेत. लूक त्या जागी थेट कावळ्याचं नाव घेतो. कावळ्याची जात लेवीयाच्या पुस्तकात निषिद्ध, पण एलीया ओढ्याकाठी लपला तेव्हा त्याला सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस आणून देतात ते कावळेच. कबुतर येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आत्म्याची खूण आहे, तर होशेयाच्या पुस्तकात तेच बावळट, अक्कल नसलेलं. येरुशलेमसाठी कळवळताना येशू स्वतःला पिल्लं पंखांखाली घेऊ पाहणाऱ्या कोंबडीची उपमा देतो.

मला सगळ्यात आवडला तो चिमण्यांचा हिशोब. मत्तयात एका नाण्याला दोन चिमण्या, लूकात दोन नाण्यांना पाच. मंडईत वाढलेल्या माणसाला हे लगेच कळतं: पाचवी वर टाकलेली, फुकटची. आणि तिचाही देवाला विसर पडत नाही.

माझ्या घरच्या किताबातही पाखरांना एकच काम नेमून दिलेलं नाही. कुराणात कावळा जमीन उकरून काबीलला भावाचं प्रेत कसं पुरावं ते दाखवतो, हुदहुद सुलेमानला दूर देशाची खबर आणतो, अबाबील पक्षी हत्तींच्या फौजेवर दगड टाकतात आणि ईसा मातीच्या पाखरात अल्लाच्या हुकमाने प्राण फुंकतात. पंचगंगेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना म्हणून ताटकळलेली माणसं मी पाहिली आहेत. तीच माणसं घरी कौलांवरच्या कावळ्याला हाकलतात.

मराठी ख्रिस्ती लेखकांनीही पाखरांना वाईट वागवलेलं नाही. १६१६ साली गोव्यात राचोलला छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीची थोरवी गाताना तिला पाखरांतल्या मोराची उपमा दिली. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड टिळकांची 'केवढे हे क्रौर्य' तर आपण शाळेतच वाचली. त्यातली घायाळ पक्षीण आई आहे, सैतान नव्हे.

राहिला परक्यांचा मुद्दा. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, तेव्हा हे गाव त्यांना आणि ते गावाला पुरते परके होते. उपदेशकांच्या हिशोबाने पहिलं पाखरू कोण, ते त्यांनीच ठरवावं.

पुस्तक परत द्यायला गेलो तेव्हा मावशी अंगणात तांदळाच्या कण्या टाकत होत्या. "सापडलं का काय?" त्यांनी विचारलं. मी यहेज्केलाचं पान उघडून दिलं. त्यांनी चष्मा मागवला, ओठ हलवत दोनदा वाचलं आणि पान दुमडून ठेवलं. पुढच्या नाताळला उपदेशक दुसरे होते. मी मागच्या कोपऱ्याकडे निघालो, तर मावशींनी हात धरून पुढच्या रांगेत त्यांच्या शेजारी बसवलं.