आडव्याचं उभं: एका कापणीची कुळकथा

आडवं फुटेज कापून उभं करण्याचं काम हल्ली प्रत्येक एडिटरच्या टेबलावर असतं. त्याचं मूळ सगळे मोबाइलमध्ये शोधतात. माझ्या मते ते २३ सप्टेंबर १९६१ च्या रात्री आहे. त्या शनिवारी अमेरिकेत एनबीसी वाहिनीने ‘सॅटर्डे नाइट अ‍ॅट द मूव्हीज’ सुरू केलं आणि पहिलाच सिनेमा लावला ‘हाउ टु मॅरी अ मिलियनेअर’. १९५३ चा, सिनेमास्कोपमधला. थिएटरात पडद्याची रुंदी उंचीच्या अडीचपट, घरातला टीव्ही मात्र ४:३. मेरिलिन मन्रो, बेटी ग्रेबल आणि लॉरेन बकॉल या तिघी पडद्याची रुंदी व्यापून टाकणार, आणि टीव्हीच्या काचेत त्या चित्राचा जेमतेम निम्मा भाग मावणार.

यातून जी युक्ती रुळली तिचं नाव पॅन अँड स्कॅन. मूळ चित्रावर टीव्हीच्या मापाची खिडकी ठेवायची आणि जिकडे महत्त्वाचं घडतंय तिकडे ती सरकवायची. दोन माणसं दोन टोकांना असतील तर एक तर खिडकी एकाकडून दुसऱ्याकडे वाहत न्यायची, नाही तर मध्येच कट देऊन दुसऱ्या टोकाला उडी मारायची. म्हणजे दिग्दर्शकाने कधीच न घेतलेली कॅमेऱ्याची हालचाल किंवा त्याने न दिलेला कट, दोहोंपैकी एक चित्रात घुसणारच. दिग्दर्शक सिडनी पोलॅकने आपला ‘थ्री डेज ऑफ द काँडॉर’ असा कापून दाखवल्याबद्दल डेन्मार्कच्या टीव्हीला कोर्टात खेचलं, ते याच रागातून.

आता आजचं सॉफ्टवेअर बघा. अ‍ॅडोबीने २०१९ मध्ये प्रीमिअर प्रोमध्ये ऑटो रिफ्रेम आणलं, गूगलने २०२० मध्ये ऑटोफ्लिप खुलं केलं. ऑटोफ्लिप आधी शॉट कुठे बदलतो ते ओळखतं, मग चेहरे आणि वस्तू हुडकतं आणि तीनपैकी एक मार्ग धरतं: खिडकी स्थिर ठेवायची, संथपणे सरकवायची किंवा माणसाच्या मागे मागे न्यायची. टीव्हीसाठी सिनेमा कापणाऱ्या माणसापुढेही हेच पर्याय होते. तो डोळ्यांनी ठरवत होता, आता हिशेब ठरवतो. टाइमलाइनवर उमटणारे कीफ्रेम म्हणजे त्याच हाताच्या खुणा आहेत.

मोबाइलवाल्यांचा दावा असा की माणूस फोन उभा धरतो म्हणून उभी चौकट आली. ती लोकप्रिय कशी झाली हे त्यातून कळतं. स्नॅपचॅट, इन्स्टाग्राम स्टोरीज, टिकटॉक हा क्रम सर्वांना पाठ आहे. पण मग तिचं माप ९:१६ का? २००७ चा पहिला आयफोन ३:२ होता. फोन हीच जननी असती तर रील २:३ व्हायला हवं होतं. आजचे फोन १९.५:९ इतके लांबट आहेत, तरी रील ९:१६ वरच अडून आहे. हे माप फोनचं नव्हेच, ते टीव्हीचं आहे. एचडी टीव्हीचं १६:९ फोनच्या काचेवर उतरलं (आयफोनवर २०१२ मध्ये) आणि तिथे ते उभं राहिलं.

आणि १६:९ तरी कुठून आलं? इथे मी रमतो. प्रचलित हकिकत अशी: १९८० च्या दशकात केर्न्स पॉवर्स या इंजिनिअरने १.३३ पासून २.३५ पर्यंतच्या प्रचलित चौकटींचे सारख्याच क्षेत्रफळाचे आयत काढले आणि मध्य जुळवून एकमेकांवर ठेवले. सर्वांना सामावणारा बाहेरचा आयत आणि सर्वांना समाईक असलेला आतला आयत, दोन्हींचं प्रमाण सुमारे १.७७ निघालं. दुसरा पक्ष म्हणतो, एवढ्या खटपटीची गरजच नाही: ४:३ चा वर्ग केला की १६:९ आणि घन केला की ६४:२७, म्हणजे २.३७, जवळजवळ सिनेमास्कोप. माझ्या मते हे भांडण खोटं आहे. पॉवर्सच्या आकृतीतून निघतो तो दोन टोकांचा भूमितीय मध्य, आणि वर्गाचा नियम तोच मध्य पूर्णांकांत सांगतो. दोन्ही वाटांनी १६:९ ठरतं ते टीव्ही आणि सिनेमा यांच्यातली तडजोड. पण हीच तडजोड उभी केली की कापणी फार महाग पडते: १६:९ च्या आडव्या चित्रातून ९:१६ ची पूर्ण उंचीची उभी पट्टी काढली तर २५६ पैकी ८१ भाग उरतात, ३१.६ टक्के. १९२० बाय १०८० मधून हाती लागते ६०७ पिक्सेलची पट्टी, आणि ती ताणून १०८० करावी लागते. एनबीसीच्या प्रेक्षकाला निम्मं चित्र तरी मिळालं होतं.

कुणी सोव्हिएत दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइनलाही या उभ्या चौकटीचा पूर्वज मानतात. त्याने सप्टेंबर १९३० मध्ये हॉलिवुडमध्ये भाषण करून आडवेपणाच्या सक्तीला विरोध केला आणि उभ्या-आडव्या दोन्ही रचनांना वाव देणारा चौरस पडदा मागितला. विचार थोर होता, पण या वंशावळीत तो बसत नाही. त्याला उभं चित्र मुळातूनच उभं रचायचं होतं, तयार आडव्यातून कापायचं नव्हतं.

खरी दुसरी शाखा सुपर ३५ ची. जेम्स कॅमेरॉनने ‘द अबिस’ (१९८९) आणि ‘टर्मिनेटर २’ याच पद्धतीने घेतले. निगेटिव्हवर थिएटरला लागतं त्याहून उंच चित्र घ्यायचं, पडद्यासाठी त्यातली रुंद पट्टी वापरायची आणि टीव्हीसाठी वर-खाली राखलेली जागा उघडायची. आज कॅमेऱ्यात ओपन गेट लावून सगळा सेन्सर वापरला जातो आणि त्याच शॉटमधून यूट्यूबचं आडवं आणि रीलचं उभं काढलं जातं, ती ही शाखा. पॅन अँड स्कॅनपेक्षा ती कितीतरी सभ्य, कारण इथे कापण्याचा विचार शूटिंगच्या वेळीच झालेला असतो.

म्हणून शूटिंग करणाऱ्यांना सांगणं आहे: मॉनिटरवर ९:१६ च्या रेघा लावूनच शॉट घ्या आणि जमेल तिथे यूएचडीत घ्या. ३८४० बाय २१६० मधली उभी पट्टी १२१५ पिक्सेलची निघते, ताणावी लागत नाही. आणि एडिटरनो, ऑटो रिफ्रेम चालवल्यावर दोन माणसं बोलतायत ते शॉट तेवढे स्वतः तपासा. खिडकी दोघांमध्ये हेलकावे खात असेल तर कीफ्रेम पुसा, शॉट तिथे तोडा आणि बोलणाऱ्यावर सरळ कट द्या.