मनिलाच्या पडद्यावरील एक उपेक्षित पात्र

चित्रपटसृष्टीचा इतिहास म्हणजे बहुधा नटनट्यांचा आणि पारितोषिकांचा इतिहास असतो. एखाद्या पात्राचा इतिहास क्वचितच लिहिला जातो. फिलिपीन्समध्ये बायकी वळणाच्या पुरुषास ‘बाकला’ म्हणतात. तेथील पडद्यावर हे पात्र प्रथम आले ते हसविण्यासाठी. १९५४ च्या ‘जॅक अँड जिल’मध्ये डॉल्फी या विनोदी नटाने ते रंगविले आणि लोकप्रियता मिळविली. प्रेक्षक त्याला हसले. त्याचे दुःख मात्र कोणी विचारले नाही.

ते विचारण्याचे धैर्य लिनो ब्रोका या दिग्दर्शकाने दाखविले. सत्तरीच्या प्रारंभी आलेल्या ‘तुबोग सा गिंतो’मध्ये, खलनायक म्हणून गाजलेल्या एडी गार्सिया यांनी आपली समलिंगी ओढ लपवून जगणाऱ्या प्रतिष्ठित गृहस्थाची भूमिका केली. १९७२ मध्ये मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला. त्या काळोखात, १९७५ मध्ये, ब्रोकांचा मनिलावरील प्रसिद्ध चित्रपट आला. कोळ्यांच्या गावातून प्रेयसीच्या शोधात आलेला हुलिओ बांधकामावर राबतो आणि उपासमारीने देहविक्रयाच्या दारापर्यंत पोहोचतो. मायक डी लिऑन यांच्या छायाचित्रणात ते शहर स्वतःच एक पात्र होऊन बसले आहे. १९९१ मध्ये मोटार अपघातात ब्रोका गेले.

हा वारसा पुन्हा उजळला तो २००५ मध्ये. त्या वर्षी ‘सिनेमालाया’ हा महोत्सव सुरू झाला आणि निवडक दिग्दर्शकांस प्रत्येकी पाच लाख पेसोंचे साहाय्य मिळाले. मोठ्या निर्मात्याच्या दारी न जाता, डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रपट काढणे शक्य झाले. ऑरेयस सोलितो यांचा ‘मॅक्सिमो ऑलिव्हेरोस’ हा त्यांपैकीच एक. बर्लिनच्या महोत्सवात २००६ साली त्यास ‘टेडी’ पारितोषिक मिळाले.

बारा वर्षांचा मॅक्सी आईविना वाढलेला. बाप आणि भाऊ भुरटे चोर. परंतु हा मुलगा घर झाडतो, स्वयंपाक करतो, आणि त्या दांडगटांच्या घरी त्याच्या बायकी वळणाबद्दल कोणी त्यास दुखवीत नाही. नेथन लोपेझ या बालनटाच्या चालण्यात, मान वळविण्यात कोठेही नक्कल नाही. नॅप हामीर यांचा कॅमेरा गल्लीबोळांतून त्याच्या पाठोपाठ फिरतो. गटार दाखवितो, पण दारिद्र्याचे प्रदर्शन मांडीत नाही.

आम्हां सरकारी चाकरीतल्या माणसांस मात्र दुसरेच पात्र छळते. व्हिक्टर हा तरुण, प्रामाणिक पोलीस. मॅक्सीचा जीव त्याच्यावर जडतो. पुढे वरिष्ठाच्या हातून मॅक्सीचा बाप मारला जातो, आणि व्हिक्टर तेथे असतो. कायदा त्याच्या बाजूस असेल. मुलाच्या नजरेस नजर देण्याचे बळ त्यात नाही.

अखेरच्या दृश्यात तो वाटेवर जीपजवळ मॅक्सीची वाट पाहत उभा आहे. शाळेस निघालेला मॅक्सी त्याच्यावरून पुढे जातो. क्षणभर घुटमळतो आणि रस्ता ओलांडतो. संवाद एकही नाही. पन्नास वर्षे ज्याला हसण्यात गेली, ते पात्र येथे आपला निर्णय आपण घेते. आणि त्याला हसण्याची कोणाची छाती होत नाही.