लीदखत

घोड्याची लीद व पागेतील गवत-पेंढा यांपासून बनणारे सेंद्रिय खत. घोडा रवंथ करीत नसल्याने लिदीत न पचलेले तंतू स्पष्ट दिसतात. ती शेणापेक्षा कोरडी व भुसभुशीत असून लवकर तापते. ताजा ढीग उकरला, की थंडीत वाफ निघते. म्हणून यूरोपात ती थंड, चिकण जमिनीस, तर शेण हलक्या, रेताड जमिनीस योग्य मानत. १९ व्या शतकात पॅरिसभोवतीचे भाजीमळेवाले शहरातील तबेल्यांची लीद वाफ्यांखाली भरून, वर काचा झाकून हिवाळ्यातही भाज्या पिकवीत. महाराष्ट्रात शेती बैलांवर चालत आल्याने शेणखतच रूढ झाले. ताजी लीद पिकांची मुळे पोळते व तण वाढवते. त्यामुळे शेतात ती चांगली कुजवूनच घालावी.