मुंबईची गटारे आणि ‘हलालखोर’ हा शब्द

पायधुणीला आपण अनेकदा जातो. मिनारा मशिदीकडे, जव्हेरी बाजारात किंवा रमजानच्या रात्री मोहम्मद अली रोडवर. या नावाचा अर्थ मात्र सहसा कुणी विचारत नाही. एके काळी खाडीचे पाणी इथपर्यंत यायचे. चिखल तुडवत पलीकडून आलेला माणूस इथे पाय धुऊन पुढे जायचा, म्हणून पायधुणी, असे सांगतात. शेजारच्या उमरखाडीच्या तर नावातच खाडी आहे. आज दोन्ही ठिकाणी खाडी दिसत नाही. पाणी मात्र आपली जागा विसरलेले नाही.

मुंबई ही मुळात सात बेटे. अठराव्या शतकात गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या काळात महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधली खिंड बांध घालून बुजवण्यात आली. हे काम १७८४ च्या सुमारास पुरे झाले. हाजी अलीच्या दर्ग्यासमोरून जाणारा आजचा रस्ता त्याच ‘हॉर्नबी वेलार्ड’वरचा. बांधामुळे समुद्र बाहेर राहिला आणि आत भायखळा, कामाठीपुरा या बाजूची दलदल वसाहतीसाठी मोकळी झाली. पण ही जमीन भरतीच्या पातळीपेक्षा सखल होती. जो बांध समुद्राला आत येऊ देत नव्हता, तोच पावसाच्या पाण्याला बाहेर जाऊ देईना. म्हणून एकोणिसाव्या शतकात शहराचे पाणी एका मोठ्या गटारातून वरळीकडे नेले जाई. तिथे दरवाजे होते. ओहोटीला उघडायचे, भरतीला बंद करायचे. आज वरळीच्या त्याच परिसरात लव्हग्रोव्हचे पंपिंग स्टेशन आहे. गणित अजून तेच आहे: पाऊस आणि भरती एकत्र आली की शहर अडकते.

मुंबईचे पावसाचे पाणी समुद्रात, खाडीत सोडणारी सुमारे १८६ पातमुखे आहेत. त्यातली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत आणि उरलेली बहुतेक भरतीच्या पातळीखाली. म्हणजे भरतीच्या वेळी नाल्यातले पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्राचेच पाणी आत शिरू पाहते. त्यात इंग्रजांच्या काळातली जुनी वाहिनी ताशी २५ मिलिमीटर पाऊस धरून आखलेली. अर्धे पाणी जमिनीत मुरेल, हेही त्यात गृहीत होते. तेव्हा शहरात मैदाने, वाड्या आणि मोकळी माती होती. आता डांबर आणि सिमेंट आहे. पाणी मुरणार कुठे?

१९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ही क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत वाढवावी आणि आठ पंपिंग स्टेशने उभारावीत असे सुचवले. अहवाल पडून राहिला. मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला मात्र ७३ मिलिमीटरच्या आसपास! मिठी नदीने कुर्ला, कलिना, वांद्रे पूर्व बुडवले. शेकडो माणसे गेली. त्यानंतर कामाला वेग आला. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध अशी सहा स्टेशने उभी राहिली. मोगरा आणि माहुल वर्षानुवर्षे रखडली.

पण पंप म्हणजे सगळे नव्हे. पंपापर्यंत पाणी पोहोचायला नाला मोकळा लागतो. नाला एकदा बांधता येतो, साफ मात्र दरवर्षी करावा लागतो. हे काम उन्हाळ्यात चालते. मोठ्या नाल्यांत पोकलेन उतरतात, गाळ काठावर टाकतात, तो सुकला की डंपरमध्ये भरून वजनकाट्यावर नेतात. रुळांखालच्या मोऱ्यांची सफाई रेल्वेशी सांगड घालून करावी लागते. कारण एक मोरी तुंबली तर वरच्या बाजूची सगळी वस्ती पाण्यात. आणि जिथे यंत्र शिरत नाही, त्या गल्लीतल्या गटारात माणूसच उतरतो.

इथे मला एक जुना शब्द आठवतो. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने गटारांची बांधणी आणि सफाई हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले. याच कायद्यात ‘हलालखोर कर’ होता. संडास आणि शोषखड्ड्यांतला मैला वाहून नेण्यासाठी तो घेतला जाई आणि ते काम करणाऱ्यांना कायदा ‘हलालखोर’ म्हणे. हलालखोर म्हणजे हलाल कमाई खाणारा, कष्टाची भाकरी खाणारा. हे नाव अकबराने रूढ केल्याची नोंद ‘आईन-ए-अकबरी’त आहे. त्या नावात मान होता. आपण शब्द ठेवला, मान काढून घेतला. पुढे तो कमीपणाचाच झाला. वर्गात उर्दू शब्दांचे अर्थ सांगताना मी ‘हरामखोर’ म्हटले की मुले हसतात. त्यांना तो शब्द ठाऊक असतो. ‘हलालखोर’ क्वचितच कुणी ऐकलेला असतो.

माणसाला हाताने मैला साफ करायला लावणे आणि सुरक्षेशिवाय गटारात उतरवणे यांवर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरी गटारात गुदमरून मेलेल्या कामगारांच्या बातम्या येत राहतात. बहुतेक जण दलित असतात. समता सांगणाऱ्या आपल्या समाजातही हे काम पिढ्यानपिढ्या करणाऱ्या बिरादऱ्यांशी सोयरीक कोण करतो, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

पाणी तुंबले की दोष नाल्याकाठच्या झोपड्यांवर जातो. त्यात दलित आहेत, मुसलमान आहेत, गावाकडून आलेले गरीब आहेत. नाल्यात कचरा पडतो हे खरे आणि तो टाकू नये हेही खरे. रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणे हा इमानचाच भाग असल्याची शिकवण आपल्याकडे आहे. मग प्लास्टिकची पिशवी नाल्यात भिरकावणारा हात तिच्या विरुद्धच वागतो. पण जिथे कचरागाडी येत नाही आणि मलवाहिनी पोहोचलेली नाही, तिथल्या माणसाने काय करावे? मिठीच्या काठावर फक्त झोपड्या नाहीत. विमानतळाची धावपट्टी आहे, पाणथळ जागा भरून उभे राहिलेले वांद्रे-कुर्ला संकुलही आहे. हॉर्नबीच्या बांधापासून आजपर्यंत पाण्याची जागा घेणारे अनेक. बुडण्याची पाळी मात्र सखल भागातल्यांवर येते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. जूनमध्ये पाणी भरल्यावर ओरडण्यापेक्षा मार्चमध्ये आपल्या गल्लीचा नाला कधी साफ होणार, गाळ कधी उचलणार, हे वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारू या. आणि त्या नाल्यात उतरणाऱ्या माणसाच्या पायात बूट आणि हातात मोजे आहेत का, हेही त्याच वेळी विचारू या.