क्लाउड कॅशे सेवा व त्यांचे स्थलांतर

क्लाउड कॅशे सेवा : वारंवार लागणारी माहिती दर वेळी मूळ साठ्यातून न आणता जवळच्या वेगवान स्मृतीत तात्पुरती ठेवण्याच्या व्यवस्थेस कॅशे असे म्हणतात. ही व्यवस्था स्वतःच्या यंत्रांवर न चालविता संगणकीय साधने भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून घेतल्यास तिला क्लाउड कॅशे सेवा ही संज्ञा लावतात. अशी सेवा तिच्या चालकाने बंद केली म्हणजे तीवर विसंबलेल्या सर्व प्रणाली नव्या सेवेकडे न्याव्या लागतात. या स्थलांतरांचा इतिहास मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या ॲझ्युअर या क्लाउड मंचावर विशेष स्पष्टपणे दिसून येतो.

पूर्वपीठिका : ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये मोठ्या व मंद स्मृतीच्या जोडीला एक लहान व वेगवान ‘दास स्मृती’ ठेवण्याची कल्पना मांडली. आयबीएम कंपनीने १९६८ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मालिकेतील ८५ क्रमांकाच्या संगणकात ती व्यापारी स्वरूपात उतरली व तिच्यासाठी ‘लपविणे’ या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून आलेला ‘कॅशे’ हा शब्द रूढ झाला. महाजालाच्या प्रसाराबरोबर ही कल्पना एका यंत्राच्या मर्यादेबाहेर पडली. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी लाइव्हजर्नल या संकेतस्थळासाठी २००३ मध्ये मेमकॅश्ड ही आज्ञावली तयार केली. तीमुळे अनेक यंत्रांची शिल्लक स्मृती एकत्र वापरता येऊ लागली व माहितीकोशावरील भार हलका झाला. इटलीतील साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ मध्ये रेडिस ही आज्ञावली प्रसिद्ध केली. साध्या मजकुराखेरीज याद्या, संच व क्रमित संच हे तीत ठेवता येतात व स्मृतीतील माहिती तबकडीवर उतरवून ठेवण्याचीही सोय आहे. ॲमेझॉन कंपनीने २०११ मध्ये इलॅस्टिकॅशे ही सेवा सुरू केली. ती आरंभी मेमकॅश्डवर आधारलेली होती. २०१३ मध्ये तीत रेडिसचा समावेश करण्यात आला.

पहिले स्थलांतर : ॲझ्युअरवरील आरंभीच्या कॅशे सेवा विंडोज सर्व्हर ॲपफॅब्रिक या मायक्रोसॉफ्टच्याच तंत्रावर उभ्या होत्या. अनेक ग्राहकांनी मिळून वापरावयाची सामायिक सेवा २०११ मध्ये आली व २०१४ मध्ये बंद झाली. तिच्यामागून ग्राहकाच्या स्वतःच्या आभासी यंत्रांतील स्मृती वापरणारी इन-रोल कॅशे व स्वतंत्रपणे चालविलेली मॅनेज्ड कॅशे सेवा या दोन व्यवस्था आल्या. तथापि २०१४ मध्ये कंपनीने रेडिसवर आधारित सेवा उपलब्ध केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये आधीच्या दोन्ही व्यवस्था ३० नोव्हेंबर २०१६ रोजी बंद होतील असे जाहीर केले. ग्राहकांना सुमारे एक वर्षाचा अवधी मिळाला.

वरकरणी हे काम सोपे होते. कॅशेतील माहिती ही मूळ माहितीची केवळ नक्कल असल्यामुळे ती हलविण्याची गरजच नाही. नवा कॅशे रिकामा सुरू करावा व तो आपोआप भरू द्यावा, असे तत्त्वतः म्हणता येते. व्यवहारात मात्र दोन्ही सेवांचे वर्तन भिन्न होते. जुन्या सेवेत डॉटनेट भाषांतील वस्तू जशीच्या तशी ठेवता येई. रेडिसमध्ये ठेवण्यापूर्वी तिचे अक्षरमालेत रूपांतर करण्याची जबाबदारी ग्राहकाच्या आज्ञावलीवर आली. जुन्या सेवेत ठेवलेली नोंद निराळी सूचना नसल्यास दहा मिनिटांनी नाहीशी होई. रेडिसमध्ये मुदत स्पष्टपणे दिली नाही, तर नोंद तशीच राहते. त्यातच या सेवेचे मूळ धोरण स्मृती भरल्यावर केवळ मुदत असलेल्या नोंदी काढून टाकण्याचे होते. त्यामुळे मुदतीविना साठत गेलेल्या नोंदींनी स्मृती भरून नवे लेखन नाकारले जाण्याचा संभव निर्माण झाला. जुन्या सेवेतील स्थानिक कॅशेची सोयही ग्राहकाला स्वतः घडवावी लागली.

स्थलांतराच्या पद्धती : यासाठी प्रामुख्याने तीन मार्ग अवलंबिले जातात. पहिला, रिकाम्या कॅशेपासून आरंभ करण्याचा. यात सर्व विनंत्या एकाच वेळी मूळ माहितीकोशावर येऊन तो कोलमडण्याचा धोका असतो. म्हणून वर्दळ कमी असताना बदल करतात किंवा बहुधा लागणाऱ्या नोंदी आधीच भरून ठेवतात. दुसरा, काही काळ दोन्ही कॅशेंत लेखन करून वाचन जुन्यातून चालू ठेवण्याचा. नवा पुरेसा भरल्यावर वाचन तिकडे वळवून जुना बंद करतात. तिसरा, जुन्या कॅशेची प्रत फाइलरूपाने काढून नव्यात उतरविण्याचा. प्रत काढल्यानंतर झालेले बदल यात सुटतात. अनेक प्रणालींत लॉग-इनची सत्रे, खरेदीच्या टोपल्या किंवा कामांच्या रांगा कॅशेतच ठेवलेल्या आढळतात व त्यांची दुसरी प्रत कोठेही नसते. तेथे ‘कॅशे पुसला तरी चालतो’ हे गृहीतक खोटे ठरते आणि ते बहुधा स्थलांतराच्या दिवशीच उघडकीस येते.

दुसरे स्थलांतर : रेडिसमधील आज्ञा मुख्यतः एकाच प्रक्रियाधाग्यावर पार पडतात, त्यामुळे अनेक गाभ्यांच्या प्रक्रियकाचा पुरा उपयोग होत नाही. ही उणीव दूर करण्यासाठी रेडिस कंपनीच्या एंटरप्राइझ आज्ञावलीवर आधारित ॲझ्युअर मॅनेज्ड रेडिस ही सेवा नोव्हेंबर २०२४ मध्ये चाचणीसाठी व मे २०२५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. जाहीर वेळापत्रकानुसार आधीच्या सेवेच्या एंटरप्राइझ श्रेणी ३१ मार्च २०२७ रोजी व उरलेल्या श्रेणी ३० सप्टेंबर २०२८ रोजी बंद व्हावयाच्या आहेत. या वेळी मूळ तंत्र तेच असल्याने बदल सौम्य आहेत. तरी सेवेचा पत्ता व जोडणीचे द्वार बदलते, आणि अनेक क्रमांकित माहितीकोशांऐवजी एकच उपलब्ध असल्याने त्यांवर विसंबलेल्या प्रणालींची फेरमांडणी करावी लागते.

परवान्याचा प्रश्न : याच सुमारास मार्च २०२४ मध्ये रेडिसचा मुक्त बीएसडी परवाना बदलून क्लाउड कंपन्यांवर बंधने घालणारे परवाने लागू करण्यात आले. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की ही स्वतंत्र शाखा निघाली. ॲमेझॉन, गूगल व ओरॅकल यांनी तिला पाठिंबा दिला. ॲमेझॉनने इलॅस्टिकॅशेमध्ये ती कमी दरात देऊ केली. मे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएल या मुक्त परवान्याचाही पर्याय पुन्हा दिला.

मूल्यमापन : चालविलेल्या सेवेमुळे यंत्रांची देखभाल, दुरुस्ती व सुरक्षा यांच्या चिंतेतून ग्राहक मुक्त होतो, हा तिचा मोठा लाभ होय. मात्र जुन्या तंत्रावर स्वेच्छेने टिकून राहण्याचा अधिकार तो त्याबदल्यात गमावतो. स्वतःच्या यंत्रावरील जुनी आज्ञावली धोका पत्करून का होईना चालू ठेवता येते. भाड्याची सेवा चालकाने ठरविलेल्या दिवशी थांबते. ॲझ्युअरवरील दोन स्थलांतरांची तुलना करता, खाजगी तंत्रावरून रेडिसकडे येताना झालेला त्रास रेडिसवरून रेडिसकडे जाताना बराच कमी असल्याचे दिसते. सेवा बदलल्या तरी त्यांच्याशी बोलण्याची भाषा समाईक व उघड असेल, तर स्थलांतराचा भार सुसह्य होतो, असा निष्कर्ष यावरून निघतो. [⟶ संगणक].